दुपारच्या झोपेचे डॉक्टर

आमच्या डॉक्टर माळग्यांसमोर कुणी जांभई दिली, की ते बोलायचं थांबतात. तोंडातलं वाक्य तिथंच सोडतात, पेन खाली ठेवतात आणि आरती चालू असताना देवळात उभं राहावं तसे गप्प उभे राहतात, जांभई पूर्ण होईपर्यंत. देणारा बिचारा ओशाळतो. तोंडावर हात नेतो, "सॉरी डॉक्टर" म्हणतो. डॉक्टर त्याचा हात खाली करतात. "दाबू नका. आलेल्याला परत पाठवू नये."

एकदा औषध कंपनीचा एक प्रतिनिधी नव्या गोळीची माहिती सांगत होता. सांगता सांगता त्यालाच जांभई आली. डॉक्टर खुर्चीतून उठले. तो घाबरला. त्याला वाटलं, आता हे आपल्याला बाहेर काढणार. डॉक्टरांनी विचारलं, "घरी लहान बाळ आहे का हो?" होतं. मग गोळी राहिली बाजूला आणि बाळ खांद्यावर डाव्या बाजूला घ्यावं की उजव्या, यावर बराच वेळ चर्चा झाली. जाताना तो आपली बॅगही विसरून गेला.

मी या डॉक्टरांकडे ईईजी काढते. म्हणजे माणसाच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि मेंदूत जी बारीकशी वीज खेळत असते तिच्या लाटा पडद्यावर बघायच्या. बाहेर पाटीवर 'मेंदू व मज्जाविकारतज्ज्ञ' असं लिहिलंय. पण स्टेशनवरून रिक्षा करताना तेवढं लांबलचक सांगून उपयोग नसतो. "झोपेच्या डॉक्टरकडं" म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो. फिट येणारे, हात थरथरणारे, तोल जाणारे सगळेच येतात, पण डॉक्टरांचा खरा जीव झोपेत. त्यात या तपासणीला पुष्कळदा माणूस झोपलेला लागतो. त्यामुळे आदल्या रात्री जागरण करून, डोकं शांपूनं धुऊन लोक आमच्याकडे येतात आणि भर दुपारी झोपतात. दुसऱ्या दवाखान्यांत नर्स पेशंटला उठवत असते, मी झोपवते. ही नोकरी लागली तेव्हा माहेरी सांगितलं, तर भाऊ म्हणाला, "मलापण लाव की तिथं. ते काम मला येतं."

झोपवायच्या खोलीत घड्याळ नाही. डॉक्टरांच्या मते घड्याळ बघून कुणाला झोप आलेली नाही, गेलेली मात्र पुष्कळांची आहे. पडदे जाड, गडद हिरवे. खोलीतला पंखा निवडायला डॉक्टर मला घेऊन दुकानात गेले होते. दुकानदार वेग सांगत होता, वॉरंटी सांगत होता. डॉक्टर म्हणाले, "एकेक लावा बघू," आणि कोपऱ्यातल्या बाकावर चक्क आडवे झाले. डोळे मिटून प्रत्येक पंखा ऐकला. एक फार गप्प होता, एक रागीट होता. शेवटी वर टांगलेला, दुकानाचाच जुना पंखा त्यांना पसंत पडला. तो विकायचा नाही, असं दुकानदारानं परोपरीनं सांगितलं. डॉक्टरांनी बाकावरूनच उत्तर दिलं, "हा लोकांना झोपवतो. तुमच्या दुकानात त्याचा काय उपयोग?" दुकानदारानं शिडी मागवली. तोच पंखा आता आमच्याकडे फिरतो. घुर्र, घुर्र, मग एक बारीक टक.

पांघरूण ज्यानं त्यानं घरून आणायचं, हा आणखी एक नियम. सोलापूरच्या दवाखान्यात चादर नाही म्हटल्यावर लोक चमकतात. "आहे की कपाटात थप्पी," डॉक्टर सांगतात, "पण परक्या वासात मेंदू राखण करत बसतो. घरची आणा, धुवू नका." मग लोक आपापल्या घराचा वास घेऊन येतात. कुणाच्या चादरीला गोठ्याचा, कुणाच्या चादरीला लसणाच्या चटणीचा, कुणाच्या चादरीला बाळाच्या तेलाचा.

उन्हाळ्यातल्या दुपारी या खोलीत बसलं की मला कधी कधी आपण कुठं आहोत ते कळत नाही. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा झालेला असतो. आत विहिरीच्या तळाशी असावा तसा हिरवा अंधार. पलंगावरचा माणूस हळूहळू श्वास सोडतो. पडद्यावर जागेपणाच्या लाटा बारीक असतात, गर्दी करतात. मग त्या पातळ होतात, विरघळतात आणि लांबून, फार लांबून, मोठ्या संथ लाटा यायला लागतात. उजनी धरणाच्या काठाला संध्याकाळी बसलं की पाणी असंच येतं. डॉक्टर आवाज न करता माझ्या मागं येऊन उभे राहतात. पायांत मोजे, चपला बाहेर. पूर्वी लाट बदलली की ते पुटपुटायचे, "गेली." एकदा पलंगावरच्या मुलीच्या आईनं ते ऐकलं आणि असा हंबरडा फोडला, की मुलगी दचकून उठली, बाहेरचे लोक आत आले आणि सगळी तपासणी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून डॉक्टर "लागली" म्हणतात.

माणूस उठला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "स्वप्न पडलं?" अक्कलकोटच्या पलीकडून आलेला असेल तर आधी कानडीत "निद्दी बंता?", म्हणजे झोप आली का, आणि मग स्वप्न. तपासणीत स्वप्नाची नोंद कुठं करायची नसते. तरी ते विचारतात, आणि ऐकताना त्यांचा चेहरा पेढा हातावर ठेवल्यासारखा होतो. कुणी "नाही पडलं" म्हटलं तर त्यांनाच वाईट वाटतं.

हे सगळं तुम्ही ऐकलंत, तर आता सोनालीचं सांगते.

सोनाली माळशिरसकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सोबत नवरा दत्ता आणि सासू हौसाबाई. दत्ता दाराला टेकून उभा राहिला, बोलायचं काम सासूबाईंचं.

"भाकरी थापता थापता झोपती," हौसाबाई म्हणाल्या. "धार काढायला बसवली तर म्हशीला टेकून झोपली. म्हस बिचारी हलंना. कामाला झोप आन जेवायला जाग, ह्येला आमच्यात लबाडी म्हणत्यात."

"आणखी काय होतं?"

"हसली की पडती."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे?"

"म्हणजे काय सांगू. हळदीकुंकवाला बाया जमल्या, कोण काय बोललं, ही हसली आन तितंच मोकळ्या पोत्यागत खाली. बाया म्हणल्या, बाहेरचं हाय. दोन ठिकाणी अंगारा लावला. झोपताना दारात माणसं उभी दिसत्यात म्हणती. आता तुमी बघा. काय न्हाय म्हणला, तर उद्या हिला म्हायेरी सोडायची. मी हिच्या बापाला फोन करूनच आलीय."

सोनाली मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. हे ऐकायची तिला सवय झाली होती. दत्ता दारातून एवढंच म्हणाला, "आये, जरा दमानं."

डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. हलक्या आवाजात म्हणाले, "सुजाताबाई, मला ही हसताना बघायला पाहिजे. हिच्या बाजूला उभ्या राहा, डोकं आपटू देऊ नका. मी विनोद सांगतो."

आमच्या डॉक्टरांच्या अंगी पुष्कळ गुण आहेत. विनोद सांगणं त्यांत नाही.

"एक माणूस डॉक्टरकडं जातो," त्यांनी सुरुवात केली. "म्हणतो, डॉक्टर, मला झोप येत नाही. डॉक्टर म्हणतो..." इथं ते थांबले. "खरं तर त्यानं आधी विचारायला पाहिजे होतं, किती दिवसांपासून. ते न विचारताच तो उत्तर देतो. बरं. तर तो म्हणतो, बकऱ्या मोजा. आता बकऱ्या मोजून काही होत नसतं. उलट त्या माणसाला घोरण्याचा त्रास आहे का, हे बायकोला विचारायला पाहिजे. त्याची बायको सोबत आली होती का, ते काही मला आठवत नाही."

दत्ताला त्यांची दया आली असावी. त्यानं अदबीनं विचारलं, "मग?"

"मग काय," डॉक्टर अगदी हताश होऊन म्हणाले, "त्या माणसाला इकडं पाठवायला पाहिजे. त्याची तपासणी करावी लागंल."

आणि सोनाली हसली. आधी नुसते ओठ, मग खांदे. पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती, आणि तेवढ्यात ती मान कलली. पापण्या ओघळल्या, जबडा सैल पडला, गुडघे दुमडले. मी धरलं म्हणून ती सावकाश जमिनीवर आली. मऊ, गरम, निजलेल्या लेकरासारखी जड.

"बघा," हौसाबाई म्हणाल्या. "नाटक."

डॉक्टर तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. रबरी हातोडीनं तिच्या गुडघ्याखाली टकटक केलं. आपला पाय अशा वेळी आपोआप उडतो. तिचा हलला नाही. त्यांनी पुन्हा मारून दाखवलं.

"हे नाटकात जमत नाही, मावशी. माझा पाय उडंल, तुमचा उडंल. झोपेत स्वप्न बघताना मेंदू आपलं अंग सैल सोडतो, आपण स्वप्नात धावायला लागलो तर पलंगावरून पडू नये म्हणून. हिच्यात तेवढाच तुकडा जागेपणी येतो. आणि ही झोपलेली नाही. आपण बोलतोय ते सगळं ऐकतीय. फक्त हात उचलता येत नाही, की तोंड उघडता येत नाही."

हौसाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग खाली पडलेल्या सुनेकडे. "ऐकती?"

"सगळं."

त्या बाई काय काय आठवत होत्या, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. हळदीकुंकवाच्या दिवशी सून जमिनीवर पडलेली असताना तिच्या अंगावर वाकून जमलेल्या सगळ्या बायका काय काय बोलल्या असतील, आणि त्या स्वतः काय बोलल्या असतील. थोड्या वेळानं सोनालीची बोटं हलली. ती उठून बसली, केस सारखे केले. सासूला ती आत्याबाई म्हणते. खाली बघत म्हणाली, "ऐकू येतं, आत्याबाई. पयल्यापासनंच येतं."

खाली वाकून हौसाबाईंनी सुनेच्या पाठीला लागलेली धूळ झटकली. धूळ फारशी नव्हतीच, तरी बराच वेळ झटकत राहिल्या.

पुढची तपासणी म्हणजे नुसती झोप. रात्रीची झोप तपासून झाली, की दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतरानं पेशंटला पुन्हा पुन्हा निजायला सांगायचं आणि किती लवकर झोप लागते, स्वप्न केव्हा सुरू होतं, ते बघायचं. सोनाली घरची निळी चादर ओढून पडली, की पंख्याचं पहिलं टक व्हायच्या आत लाटा बदलायच्या. तिला उठवायचं, चहा द्यायचा, थोड्या वेळानं पुन्हा झोपवायचं. हौसाबाई बाहेर बाकावर बसून हे बघत होत्या. इलाज चाललाय की लाड, ते त्यांना कळेना. संध्याकाळी मला म्हणाल्या, "बाई, सून म्हणून मला बी हितंच दाखल करा."

पण एकदा डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून पडदा दाखवला. "आपण झोपलो, की स्वप्नापर्यंत जायला बराच रस्ता चालावा लागतो. हिला रस्ताच नाही. डोळा मिटला की थेट स्वप्नात. म्हणून दारात माणसं उभी दिसतात. जागेपणाच्या दारात स्वप्नातली माणसं येऊन उभी राहतात. बाहेरचं काही नाही. हिच्या आतलंच आहे."

सोनाली उठल्यावर त्यांनी विचारलं, "स्वप्न पडलं?"

"व्हय. विहिरीत झेंडू भरलाय आन आमची म्हस त्यात पवतीय."

"झेंडू कुठला? पिवळा की केशरी?"

"दोन्ही."

डॉक्टरांना त्या दिवशी जेवणाची गरज उरली नाही.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते लांब इंग्रजी नाव हौसाबाईंनी एकदाही धड उच्चारलं नाही, अजूनही त्या त्याला 'सोनालीची झोप' म्हणतात. हा जन्माचा सोबती आहे, पण गोळ्यांनी हाताशी राहतो, असं डॉक्टरांनी समजावलं. विहिरीवर आणि चुलीपाशी एकटीला सोडू नका म्हणाले. औषधाच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली त्यांनी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दुपारी जेवणानंतर थोडी झोप. सासूबाईंनी उठवू नये.' त्याखाली सही, शिक्का.

दत्तानं ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात घातली. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. हौसाबाई म्हणाल्या, "सुनंला दुपारची झोप शिक्क्यानिशी. गावात सांगितलं तर लोक मलाच दवाखान्यात न्हेतील." पण चप्पल घालताना त्यांनी फोन काढला आणि सोनालीच्या वडिलांना कळवलं, की सोडायला येत नाही. पोरीला बरं नाही, आणि आम्ही बघतोय तिचं.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. त्यानंतर ते दर काही महिन्यांनी दाखवायला येतात. सोनाली आता भाकरी थापते, हसताना भिंतीला हात लावून हसते, आणि तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळी हौसाबाई अंगणात कोंबड्यासुद्धा फिरकू देत नाहीत, असं दत्ता सांगतो.

या मे महिन्यात ते आले, त्या दिवशी आमच्या भागातली लाईट सकाळीच गेली होती. दुपारपर्यंत इन्व्हर्टरनंही मान टाकली. मशीन बंद, पंखे बंद. सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. सगळे पेशंट बाहेरच्या हॉलमध्ये खिडक्या उघडून, वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते. केबिनमध्ये जीव गुदमरायला लागला, तेव्हा डॉक्टरही बाहेर आले आणि दत्ताच्या शेजारी बाकावर बसले.

हौसाबाई पलीकडच्या एका बाईला लोणच्याचं सांगत होत्या. कैरी कुठल्या झाडाची घ्यावी, फोडी सावलीत का वाळवाव्यात, मोहरी कितपत भरडावी. त्यांचा आवाज तसा जाडाभरडा, पण उकाड्यानं तोही मऊ झाला होता, एका सुरात चालला होता. डॉक्टर मान डोलावत ऐकत होते. मग डोलावणं थांबलं. मी बघितलं तर त्यांचं डोकं दत्ताच्या खांद्यावर टेकलेलं. डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. दत्ता खांबासारखा ताठ झाला होता. डोळ्यांनीच मला विचारत होता, आता काय करू.

मी उठवायला पुढं झाले. हौसाबाईंनी हातानंच मला थांबवलं. पण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. त्याच सुरात, लोणच्याच्याच आवाजात म्हणाल्या, "उठवू नका बाई. मी गप बसली तर जाग यील. आन मग हिंग तळून घ्यायचा, तेल गार होऊ द्यायचं, घरी कोण असतंया ह्यांच्या?"

मीही तोच सूर धरला. म्हटलं, कुणी नसतं. वहिनी गेल्या, दोन वर्षं होतील. मुलगा परदेशात. फ्लॅटमध्ये एकटेच.

"मग मीठ जरा जास्तीच घालायचं," हौसाबाई म्हणाल्या, "म्हंजी टिकतंय. सैपाकाला बाई?"

"येते सकाळी. करून ठेवून जाते."

"बरणी कोरडी पायजे, न्हायतर बुरशी धरती." आणि त्यांनी पदरानं डोळ्यांची कड पुसली, घाम पुसल्यासारखी.

हॉलमधल्या सगळ्यांना कळलं होतं. एक बाळ कुरकुरायला लागलं, तर त्याची आई ते घेऊन जिन्यात गेली. कुणाचा फोन वाजला, तो लगेच बंद झाला. दाराशी नवा पेशंट आला, त्याला चार माणसांनी ओठांवर बोट ठेवून खाली बसवलं. लोणचं घालून झालं, मग हौसाबाईंनी कुरडया घेतल्या, मग सांडगे. ऐकणारी बाई कधीच पेंगायला लागली होती. तरी त्या सांगत राहिल्या.

लाईट आली तेव्हा पंखे एकदम फिरले आणि डॉक्टर जागे झाले. क्षणभर त्यांना आपण कुठं आहोत ते कळलं नाही. मग त्यांनी दत्ताचा खांदा पाहिला, रुमाल काढून त्याच्या शर्टावरचा ओला डाग पुसायला लागले.

"राहू द्या की," दत्ता म्हणाला.

"आमची ही दुपारी मोठ्यानं पेपर वाचायची," डॉक्टर रुमालाकडे बघत म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. "रविवारी. मी शेजारी पडायचो. बाजारभावापर्यंत आलं की माझा डोळा लागायचा. पुढच्या पानावर काय आहे, मला कधीच कळलं नाही. आता पेपर येतो. घरात आवाज नाही."

दोघा-तिघांनी नुसत्या माना हलवल्या. हौसाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं आवाजाला तोटा न्हाय." डॉक्टर हसले, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हल्ली रविवारी दुपारी डॉक्टरांना फोन केला तर लागत नाही, सारखा व्यस्त येतो. गेल्या आठवड्यात सोनाली गोळ्या न्यायला आली होती, तिच्यापाशी मी सहज हे बोलले.

"आत्याबाईंचा फोन चालू असतोय," ती म्हणाली. "जेवणं झाली की लावत्यात. कांदा कसा निघाला, म्हस कवा व्याली, शेजारच्यांचं भांडण कुटवर आलं, सगळं सांगत्यात."

"आणि डॉक्टर काय बोलतात?"

"बोलत्यात कुटं." तिनं हसू यायच्या आधी भिंतीला हात लावला. "घोरत्यात. मग आत्याबाई आवाज बारीक करत्यात. पण फोन काय ठिवत न्हाईत."